निमाडी गाईंचा पैदास-कळप : प्रारंभ कसा करावा?

बऱ्हाणपूरहून इच्छापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर शाहपूर लागते. तापीच्या खोऱ्यातील काळी कसदार जमीन, पाण्याच्या आधारावर उभ्या असलेल्या केळीच्या बागा, कपाशी, तूर, हरभरा आणि घरोघरी बोलली जाणारी मराठी, अशी या परिसराची ओळख आहे. पूर्व निमाड जिल्ह्याचा हा भाग २००३ पासून बऱ्हाणपूर या स्वतंत्र जिल्ह्यात मोडतो. या काळ्या जमिनीची वखरणी व डवरणी पिढ्यान् पिढ्या निमाडी बैलांच्या जोडीने होत आली. ट्रॅक्टर आल्यावर बैलजोडीची गरज घटली आणि ती घटताच गावात चांगला वळू राखण्याची प्रथाही ढिली पडली. मोकाट फिरणाऱ्या कोणत्याही खोंडाकडून गाय फळू लागली, की दोन-तीन पिढ्यांत जातीची ओळख पुसट होते. गाई दावणीला दिसतात, परंतु त्यांची जात कोणती हे धन्यालाही सांगता येत नाही.

हा प्रश्न केवळ निमाडचा नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील गोवंशाची एकूण संख्या सुमारे १९ कोटी २५ लाख भरली. त्यांपैकी देशी गोवंश सुमारे १४ कोटी २१ लाख होता आणि २०१२ च्या तुलनेत तो सुमारे ६ टक्क्यांनी घटला होता. एखादी जात एकदा मिसळून गेली की ती पुन्हा निर्माण करता येत नाही. म्हणूनच ज्या शेतकऱ्याकडे थोडी जमीन, पाणी आणि चिकाटी आहे, त्याने अगदी आरंभापासून निमाडी गाईंचा लहानसा पैदास-कळप उभा करणे हे त्याच्या व गावाच्या हिताचे कार्य आहे. ते कसे करावे, याचा विचार येथे केला आहे.

निमाडी जातीची ओळख

निमाडी गाय गीर व खिल्लार या दोन जातींच्या संकरातून उत्पन्न झाली, असे मानले जाते. तिला खरगोनी असेही म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९५३ मध्ये भारत-पाकिस्तानातील गोवंशावर जोशी व फिलिप्स यांचा जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या जातीची नोंद आहे. तांबडा रंग व त्यावर पांढरे मोठे ठिपके, किंचित फुगीर कपाळ, लांबट डोके, मध्यम लोंबती पोळी आणि टणक खूर ही तिची लक्षणे होत. कपाळाची ठेवण व रंग गीराकडून आला. काटकपणा, चपळाई आणि थोडा तापट स्वभाव खिल्लाराकडून आला.

निमाडी गाय मुख्यतः बैलांसाठी जोपासली गेली. एका वेतात ती साधारणतः ६०० ते ९५० किलो दूध देते. पहिले वेत येण्यास तिला साडेतीन ते सव्वाचार वर्षे लागतात. हे आकडे आरंभीच ध्यानी घेतले पाहिजेत. दुधाचा मोठा व्यवसाय हा ज्याचा हेतू आहे, त्याने दुसऱ्या जातीचा विचार करावा. उन्हाळ्याचा ताप सोसणारी, कडब्यावर तग धरणारी, घरापुरते दूध व शेतीला बैल देणारी गाय ज्याला हवी आहे, त्याच्यासाठी निमाडी योग्य होय.

चारा आधी, जनावर मागाहून

बहुतेक कळप खरेदीच्या घाईने मोडतात. बाजारातून गाई आणल्या जातात आणि वैरणीचा विचार फाल्गुन-चैत्रात सुरू होतो. तोवर कडब्याचे भाव चढलेले असतात. म्हणून गणित आधी मांडावे.

जनावराला त्याच्या प्रत्येक १०० किलो वजनामागे दररोज २ ते २.५ किलो कोरडा अंश लागतो. ३०० किलो वजनाच्या गाईला सुमारे ४ किलो कडबा व १५ किलो हिरवा चारा दिल्यास ही गरज बहुतांशी भागते. म्हणजे एका गाईला वर्षाला सुमारे १५ क्विंटल कडबा व ५५ क्विंटल हिरवा चारा झाला. सहा गाईंसाठी हेच प्रमाण ९० क्विंटल कडबा व ३३ टन हिरवा चारा असे येते. वासरे व कालवडी यांचा वाटा याहून वेगळा धरावा. पाण्याखालील अर्धा एकर संकरित नेपिअर गवत नीट राखल्यास हिरव्या चाऱ्याची ही गरज बऱ्याच अंशी भागू शकते. त्याला लसूणघास किंवा चवळीची जोड दिल्यास प्रथिनांची उणीव भरून निघते. कडबा कुट्टी करून दिल्यास नासाडी कमी होते.

शाहपूर परिसरात केळीचे खांब मुबलक मिळतात. ते बारीक करून कडब्यात मिसळून देता येतात. परंतु त्यांत बहुतांश पाणीच असते व प्रथिने फार थोडी असतात, म्हणून केवळ केळीच्या खांबावर जनावर पोसले जात नाही. सरकीची पेंड दुभत्या गाईला मानवते. मात्र सरकीत गॉसिपॉल नावाचे द्रव्य असल्याने लहान वासरांना ती देऊ नये व वळूलाही बेतानेच द्यावी. कीटकनाशक फवारलेल्या कपाशीत जनावरे चरावयास सोडणे धोक्याचे आहे. तसेच पावसाने ताण दिल्यावर कोवळ्या ज्वारीत विष तयार होते. ती खाऊन जनावर काही वेळातच दगावते. अशी ज्वारी फुलोऱ्यावर येईपर्यंत चारू नये.

गोठ्यात प्रत्येक गाईस छपराखाली साडेतीन चौरस मीटर व मोकळ्या आवारात सात चौरस मीटर जागा असावी. वळूसाठी निराळी व भक्कम जागा हवी. निमाडच्या उन्हाळ्यात सावली व दिवसभर पिण्याचे पाणी यांची सोय पक्क्या भिंतींपेक्षा अधिक महत्त्वाची ठरते.

दोन मार्ग

कळप उभारण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग शुद्ध निमाडी गाई विकत घेण्याचा. चार ते सहा गाईंनी प्रारंभ करणे इष्ट. त्या शक्य तो निरनिराळ्या गावांतून व निरनिराळ्या घराण्यांतून घ्याव्यात. एकाच गोठ्यातील मायलेकी व बहिणी घेतल्यास पुढे रक्तसंबंधाची अडचण येते.

दुसरा मार्ग ज्याच्याजवळ भांडवल नाही त्याच्यासाठी आहे. दावणीला असलेल्या गावठी गाई तशाच ठेवाव्यात व त्यांना प्रत्येक पिढीत शुद्ध निमाडी वळूचे रेतन द्यावे. पहिल्या पिढीच्या कालवडीत निमाडी रक्त निम्मे, दुसरीत पाऊण, तिसरीत साडेसत्त्याऐंशी टक्के व चौथीत सुमारे चौऱ्याण्णव टक्के होते. एक पिढी पुढे सरकण्यास साधारणतः पाच वर्षे लागतात, हे पाहता तिसऱ्या पिढीपर्यंत पंधरा वर्षे जातात. मार्ग लांबचा आहे, परंतु त्यात गाईच्या खरेदीचा खर्च जवळजवळ नाही. दोन शुद्ध गाई विकत घेऊन बाकीच्या घरच्या गाई सुधारीत नेणे हा मध्यम मार्गही अनेकांना परवडण्यासारखा आहे.

गाईंची निवड

गाय पाहावयास जाताना घाई करू नये. दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेताची गाय, वासरासह, उत्तम. तिचे दूध सकाळ-संध्याकाळ आपल्यासमोर काढवून घ्यावे. चारही सड चालू आहेत का, कास मऊ आहे की गाठाळ, हे हाताने पाहावे. दात पाहून वयाचा अंदाज घ्यावा. गाय चालवून खुरांची व पायांची ठेवण पाहावी. तिची आई, बहीण किंवा आधीची वासरे त्याच गोठ्यात असतील, तर तीही पाहावीत. कारण गाईचे खरे प्रमाणपत्र तिचे गणगोत होय.

कालवड घेताना एक प्रश्न अवश्य विचारावा. ती जुळ्यातील आहे काय, आणि तिचा जोडीदार गोऱ्हा होता काय? गोऱ्ह्यासोबत जन्मलेली कालवड दहांपैकी नऊ वेळा वांझ निघते. दिसावयास ती धडधाकट असते, म्हणूनच फसगत होते.

गाभण म्हणून सांगितलेली गाय पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून तपासून घ्यावी. सांसर्गिक गर्भपाताच्या रोगासाठी रक्ताची तपासणी करून घेणे अगत्याचे आहे. हा रोग एका गाईबरोबर आला, तर सबंध कळपाच्या गर्भपाताचे कारण होतो आणि माणसांनाही जडतो. अशा गाईचा वार किंवा पडलेला गर्भ उघड्या हातांनी कधीही उचलू नये. तो खोल पुरून टाकावा.

विकत आणलेले जनावर लगेच कळपात सोडू नये. किमान तीस दिवस ते वेगळे बांधावे, त्याचे चारापाणी वेगळे ठेवावे, गोचीड काढावेत व जंतनाशक औषध द्यावे. २०२२ मध्ये लंपी त्वचारोगाची साथ अनेक राज्यांत पसरली. नवे जनावर वेगळे बांधण्याची सवय किती मोलाची आहे, हे त्या साथीने दाखवून दिले. लाळ-खुरकत रोगाची लस वर्षातून दोनदा, घटसर्प व फऱ्या यांच्या लसी पावसाळ्यापूर्वी आणि सांसर्गिक गर्भपाताची लस चार ते आठ महिने वयाच्या कालवडींना आयुष्यात एकदाच द्यावयाची असते.

वळू म्हणजे अर्धा कळप

सहा गाई व एक वळू असलेल्या कळपाचा विचार करा. प्रत्येक वासराचे निम्मे रक्त आईचे व निम्मे बापाचे. वासरांच्या सबंध पिढीत एकेका गाईचा वाटा बारावा हिस्सा असतो, आणि एकट्या वळूचा वाटा सहा गाईंच्या बरोबरीचा असतो. म्हणून गाय निवडताना एक चूक झाली तर ती बाराव्या हिश्शाची असते. वळू निवडताना झालेली चूक निम्म्या कळपाची होते.

वळूची पारख त्याच्या आकारावरून करण्याची प्रथा आहे. ती अपुरी आहे. वळू स्वतः दूध देत नाही. त्याच्या आईने किती दिले, ती किती नियमित व्याली, त्याचे भाऊ शेतीत कसे चालतात, हे पाहावे लागते. देशी खोंड साधारणतः तीन वर्षांचा झाल्यावर पैदाशीस योग्य होतो. कळपातील अन्य गोऱ्हे त्याआधीच वेगळे करावेत किंवा खच्ची करावेत. अन्यथा कागदावर बाप एक आणि प्रत्यक्षात दुसराच, असा प्रकार घडतो.

दुसरा धोका रक्तसंबंधाचा. वळूच्या लेकी तीन वर्षांत माजावर येऊ लागतात. तोच वळू गोठ्यात राहिला, तर बाप-लेकीच्या संबंधातून वासरे जन्मतात. अशा वासरांत निकट रक्तसंबंधाचे प्रमाण २५ टक्क्यांपर्यंत जाते. सावत्र बहीण-भावांच्या संबंधात ते साडेबारा टक्के असते. परिणाम एका दिवसात दिसत नाही. वासरे थोडी लहान जन्मतात, गाई उशिरा गाभण राहतात, मरतूक वाढते, आणि धनी मात्र दोष नशिबाला देत राहतो. यावर उपाय साधा आहे : दर तीन वर्षांनी वळू बदलावा.

लहान कळपासाठी वळू पाळण्यापेक्षा कृत्रिम रेतन अधिक सोयीचे. भोपाळच्या भदभदा येथील केंद्रीय वीर्य संस्थेत गोठविलेल्या वीर्यमात्रा तयार होतात. खरगोन जिल्ह्यातील रोडिया येथील शासकीय प्रक्षेत्रावर निमाडी जातीची जोपासना करण्यात येते. नर्मदापुरम जिल्ह्यात इटारसीजवळ कीरतपूर येथे राष्ट्रीय कामधेनू प्रजनन केंद्र आहे. देशी जातींच्या संवर्धनासाठी डिसेंबर २०१४ मध्ये राष्ट्रीय गोकुळ मिशनही सुरू झाले. रेतनापूर्वी निमाडी जातीचीच मात्रा मागावी व नळीवर छापलेला वळूचा क्रमांक उतरवून घ्यावा. पुढील वेळी दुसऱ्या क्रमांकाची मात्रा मागता येते, ती या नोंदीच्या बळावरच.

माज, गर्भ व वासरू

गाय दर २१ दिवसांनी माजावर येते व माज साधारण १२ ते १८ तास टिकतो. देशी गाईचा माज अनेकदा मुका असतो. म्हणून सकाळी व सायंकाळी दोन वेळा गाईंकडे लक्षपूर्वक पाहावे. सकाळी माज दिसला तर सायंकाळी, आणि सायंकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे. गर्भधारणेची तपासणी दोन ते तीन महिन्यांनी करून घ्यावी. गर्भकाळ सुमारे २८० ते २८५ दिवसांचा असतो. विण्यापूर्वी दोन महिने दूध काढणे बंद करून गाईला खुराक द्यावा.

वासरू जन्मल्यावर पहिल्या तासाभरात त्याला चीक पाजावा. चीक काढून टाकण्याची किंवा वार पडेपर्यंत वासरू तोडून ठेवण्याची रूढी काही घरांत आढळते. ती घातक आहे. वासराला रोगाशी झुंजण्याची शक्ती चिकातूनच मिळते व जन्मानंतरचे तास जसे जातात तशी ती शोषून घेण्याची त्याची क्षमता घटत जाते. पहिल्या दिवशी त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक, दोन-तीन वेळा विभागून, त्याच्या पोटात गेला पाहिजे. नाळ स्वच्छ कापून तिला आयोडीन लावावे. पहिल्या पंधरवड्यात पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जंताचे औषध द्यावे. पैदास-कळपात दुधाचा पहिला हक्क वासराचा आहे. कालवडीचे दूध तोडून जे चार पैसे मिळतात, ते तिच्या पहिल्या वेताला वर्षभर उशीर होऊन गमवावे लागतात.

नोंदवही

ज्या गोठ्यात नोंदवही नाही, तेथे जनावरे असतात, पैदास-कळप नसतो. वहीत प्रत्येक गाईला एक पान द्यावे. कानातील बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक, आई, बाप, जन्मतारीख, माज व रेतनाच्या तारखा, वळूचा क्रमांक, विण्याची तारीख, वासराचे लिंग व वजन, लसीकरण आणि आजार इतक्या बाबी पुरेत. दूध दररोज मोजण्याची गरज नाही. महिन्यातून एका ठरलेल्या दिवशी दोन्ही वेळचे दूध मोजून त्यास तीसने गुणावे. महिन्याचा पुरेसा अंदाज मिळतो.

वजनकाटा नसला तरी वजन काढता येते. छातीचा घेर इंचांत मोजून त्याचा वर्ग करावा, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या लांबीने तो गुणावा व ६६० ने भागावे. घेर ६० इंच व लांबी ५४ इंच असल्यास वजन सुमारे २९५ किलो येते. गावातील शिक्षकांनी हे गणित फळ्यावर सोडवून घेतले आणि मुलांना आपल्या गोठ्यातील वासराचे वजन दरमहा काढावयास लावले, तर नोंदीची सवय घरात आपोआप जाईल.

सहा गाईंचा कळप पंधरा-सोळा महिन्यांच्या अंतराने व्याला, तर वर्षाला चार ते पाच वासरे मिळतात. त्यांत निम्म्या कालवडी. मरतूक वजा जाता वर्षाकाठी दोन कालवडी हाती लागल्या, तरी पाचव्या वर्षापासून घरच्या कालवडी विऊ लागतात. कोणत्या गाईच्या लेकी ठेवाव्यात व कोणती गाय काढावी, हे त्या वेळी आठवणीवर सोडल्यास दिसावयास देखणी गाय राहते आणि गुणाची जाते. वही असली म्हणजे असे होत नाही.

गोऱ्ह्यांचे काय करावे?

जन्मणाऱ्या वासरांत निम्मे गोऱ्हे असतात. मध्य प्रदेशात २००४ पासून गोवंश वध प्रतिषेध कायदा लागू आहे. त्यामुळे गोऱ्ह्यांचा व भाकड गाईंचा विचार कळप सुरू करण्यापूर्वीच केला पाहिजे. तो न केल्यास जनावरे रस्त्यावर येतात व शेजाऱ्यांच्या केळीत शिरतात. उत्कृष्ट आईचा एखादा गोऱ्हा वळू म्हणून राखावा. बाकीचे वेळेवर खच्ची करून शिकवावेत. कपाशीच्या ओळींतील डवरणीला, चिखलातून गाडी काढावयाला व लहान तुकड्यांच्या मशागतीला बैल अजूनही उपयोगी पडतो. शिकविलेल्या जोडीला न शिकविलेल्या गोऱ्ह्यांपेक्षा किंमत चांगली येते. शेण व मूत्र यांचे खत केळीच्या बागेला घातल्यास तोही कळपाच्या जमाखर्चात धरावा. शाहपूरपासून महाराष्ट्राची हद्द दूर नाही; जनावर हद्दीपलीकडे न्यावयाचे किंवा तिकडून आणावयाचे झाल्यास वाहतुकीची परवानगी व पशुवैद्यकीय दाखला आधी मिळवावा.

गावाचा वाटा

एकट्या शेतकऱ्याला जे जड जाते, ते तीन गावांना सोपे असते. समजा, शाहपूर, बंभाडा व फोफनार या गावांनी प्रत्येकी एक निमाडी वळू राखला व ते तिन्ही वळू परस्परांशी नाते नसलेले घेतले. तीन वर्षांनी शाहपूरचा वळू बंभाड्यास, बंभाड्याचा फोफनारला व फोफनारचा शाहपूरला जावा. तीन वळूंत नऊ वर्षांची सोय होते आणि कोणत्याही गावी बापाची गाठ लेकीशी पडत नाही. मात्र गाव बदलण्यापूर्वी प्रत्येक वळूची रोगतपासणी झालीच पाहिजे, आणि मोकाट खोंडांचे खच्चीकरण तिन्ही गावांत एकाच वेळी व्हावयास हवे. या कामी ग्रामपंचायत व नगरपरिषदेने पुढाकार घ्यावा व पशुवैद्यकीय कर्मचाऱ्यांनी वर्षातून एकदा तिन्ही गावांच्या वह्या एकत्र तपासाव्यात.

पैदास-कळपाचे फळ उशिरा मिळते. आज जन्मलेली कालवड चार वर्षांनी पहिले वासरू देईल, आणि तिचा गोऱ्हा जोडीला लागेल तोवर सात-आठ वर्षे उलटलेली असतील. आंब्याचे रोप लावणारा शेतकरी हे गणित जाणतो. त्याच धीराने दोन चांगल्या गाई, परका वळू, पुरेसा कडबा व एक वही घेऊन कामास लागल्यास निमाडच्या काळ्या मातीतील ही तांबडी-पांढरी गाय पुढील पिढीच्याही दावणीला दिसेल.